पंचवटीतल्या लॅबचा यूपीएस: बॅकअपचा खरा वेळ किती? प्रकल्प नोंदी

२९ एप्रिल २०२४, सोमवार

सकाळी नाशिकमधल्या पंचवटीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमधून डॉक्टर मॅडमचा फोन आला. शनिवारी सकाळी लाईट गेली, वीस-बावीस मिनिटांत यूपीएस बंद पडला आणि अनालायझरवर (रक्त तपासणाऱ्या मशीनवर) लावलेली बॅच अर्धवट राहिली. रिएजंट (तपासणीची रसायनं) वाया गेले ते भरून काढता येईल. पण त्या बॅचमध्ये चार दिवसांच्या बाळाचं सॅम्पल होतं, काविळीसाठी बिलिरुबिन बघायचं होतं. एवढ्याशा टाचेतून रक्त निघतं ते किती! तेवढं सीरम (रक्तातला पातळ भाग) पहिल्याच वेळी संपलं. आईबाबांना परत बोलावून बाळाला पुन्हा टोचावं लागलं. मॅडमच्या आवाजात राग कमी आणि वाईट वाटणं जास्त होतं. "यूपीएसवर तर दोन तासांचा स्टिकर आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या.

यूपीएस मी बसवलेला नाही. तीन वर्षं दोन महिने झालेत त्याला. ज्यांनी बसवला ते आता फोन उचलत नाहीत. काम घेतलं. मला हवं आहे ते उत्तर एकच: लाईट गेल्यावर मशीनपाशी उभ्या असलेल्या टेक्निशियन ताईंच्या हातात नक्की किती मिनिटं असतात?

३ मे, शुक्रवार

दुपारी सॅम्पलची गर्दी ओसरल्यावर गेले. ३ केव्हीएचा (तीन हजार व्हीएचा) ऑनलाइन यूपीएस, म्हणजे लोड कायम स्वतःमधूनच चालवणारा. १२ व्होल्ट २६ एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीतल्या साठ्याचं माप) आठ एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालायच्या) बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला पुढची जोडून, म्हणजे ९६ व्होल्टचा संच. जिन्याखालच्या कोनाड्यात लोखंडी कपाट आहे. मधल्या फळीवर यूपीएस, त्याच्या मागे-वर एक फळी आणि खाली एक, अशा चार-चार बॅटऱ्या. दारावर निळ्या अक्षरांत स्टिकर: बॅकअप २ तास.

आधी लोड. बॅकअप विचारणारे सगळे बॅटरीपासून सुरुवात करतात. मी नेहमी प्लगपासून करते, कारण बॅटरी मोजायला दिवस लागतो आणि प्लग मोजायला अर्धा तास. यूपीएसच्या आउटपुटला पॉवर मीटर लावला तर ९०० ते ११४० वॅटच्या मध्ये काटा नाचत होता. काय काय जोडलंय ते बोर्डामागे वाकून एकेक बघितलं. अनालायझर, सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन), दोन कॉम्प्युटर, हे हवेतच. त्याशिवाय लेझर प्रिंटर, पाणी शुद्ध करणाऱ्या युनिटचा पंप, टेबलफॅन आणि मोबाइलचे तीन चार्जर. लेझर प्रिंटर मध्येच आपला रोलर तापवतो, तेव्हा काही सेकंदांसाठी मोठा झटका लागतो. काटा नाचायचं कारण ते होतं.

शिपाई मामांना विचारलं, हा पंखा यूपीएसवर कोणी लावला? ते म्हणाले, "लाईट गेली की पेशंटना उकडतं ना ताई." त्यांचं बरोबर आहे. पंख्याची सोय आता घरगुती इन्व्हर्टरवर केली, तो रिसेप्शनला आहेच. प्रिंटर, पंप आणि चार्जर साध्या लाईनवर काढले. पंपाबद्दल मॅडमना विचारून घेतलं. टाकीत एका बॅचपुरतं शुद्ध पाणी कायम भरलेलं असतं, त्यामुळे पंप थांबला तरी अडत नाही.

आता मीटर ८२० वॅटवर स्थिर. व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) ९३०. हे दोन आकडे मुद्दाम वेगळे लिहिते, कारण यूपीएस विकताना व्हीए सांगतात आणि बॅटरी रिकामी होते ती वॅटने.

४ मे, शनिवार, रात्री घरी

स्टिकरवरचे दोन तास आले कुठून ते शोधत बसले. ९६ व्होल्ट गुणिले २६ एएच म्हणजे २४९६ वॅट-तास. हजार वॅटचा लोड धरला की अडीच तास येतात, अर्धा तास हातचा ठेवून दोन तास लिहिले असावेत. त्याच हिशोबाने माझ्या ८२० वॅटला तीन तास मिळायला हवेत. यात दोन मोठ्या गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली, बॅटरीच्या डीसीचा एसी करताना यूपीएस स्वतः काही खातो. एवढ्या कमी लोडवर कार्यक्षमता ८५ टक्के धरली. ८२० भागिले ०.८५ म्हणजे बॅटरीतून निघणार ९६५ वॅट. तीन तासांचे झाले दोन तास पस्तीस मिनिटं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तीच लोकांना पटवून देणं सगळ्यात अवघड जातं. बॅटरीवर छापलेले २६ एएच हे २० तासांच्या संथ उपशाचे असतात. १.३ अँपिअर घेत राहिलात तर २० तास. आपण घेणार सुमारे १०.२ अँपिअर, म्हणजे जवळजवळ आठपट. एवढ्या वेगाने उपसलं की प्लेटच्या पृष्ठभागाजवळचं आम्ल लवकर वापरलं जातं, आतलं आम्ल तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आतल्या रोधामुळे व्होल्टेजही खाली येतं. विहिरीला मोठा पंप लावला की पाणी असूनही झरा पुरा पडत नाही, तसं. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली याचं सूत्र मांडलं, ते आजही उपयोगी आहे:

वेळ = २० × (१.३ ÷ १०.२) चा क-वा घात

हा क शिसे-आम्ल बॅटरीसाठी साधारण १.१ ते १.३ असतो. अंदाजाने धरण्यापेक्षा बॅटरीच्या डेटाशीटवरून (कंपनीच्या माहितीपत्रकावरून) काढला. २० तासांना १.३ अँपिअर, १ तासाला १५.९ अँपिअर, या दोन ओळींवरून क येतो १.२. मग वेळ आला १.६९ तास, म्हणजे १०१ मिनिटं.

पडताळा दुसऱ्या वाटेने घेतला. यूपीएसचा लोड ठरावीक वॅटचा असतो, व्होल्टेज उतरत जाईल तसा तो जास्त अँपिअर ओढतो. म्हणून डेटाशीटमध्ये प्रत्येक सेलमागे किती वॅट असा वेगळा तक्ता असतो, आणि यूपीएससाठी तोच बघावा. एका बॅटरीत सहा सेल, आठ बॅटऱ्यांचे ४८. ९६५ भागिले ४८ म्हणजे २०.१ वॅट. तक्त्यात ९० मिनिटांच्या रकान्यात २१.८ आणि १२० मिनिटांच्या रकान्यात १७.३ आहेत. आपला आकडा मध्ये पडतो, १०० मिनिटांच्या जरा पुढे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या.

म्हणजे बॅटऱ्या अगदी नव्या असत्या तरी शंभर मिनिटं. तीन वर्षांच्या बॅटऱ्यांचं काय ते कागद सांगू शकत नाही.

५ मे, रविवार

लॅब दुपारी एकला बंद झाली. चाचणीसाठी खरं अनालायझर लावायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. नानांचा जुना लोड बोर्ड घेऊन गेले. सागवानी फळी, तिच्यावर शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बचे आठ होल्डर. नाना सातपूरला वायरमन होते तेव्हापासूनचा आहे तो. नानाही सोबत आले, खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसले. आठही बल्ब लावले, मीटर ८१५ वॅट.

कपाट उघडण्याआधी हातातल्या बांगड्या आणि गळ्यातलं काढून पर्समध्ये ठेवलं. फ्लोटवर (भरून झाल्यावरच्या कायम चार्जिंगवर) असताना हा संच ११० व्होल्ट डीसी असतो, आणि एवढं डीसी धोक्याचं. प्रत्येक बॅटरीला एक ते आठ आकडे खडूने घातले. वरच्या फळीवर ३, ४, ५, ६. खालच्या फळीवर १, २, ७, ८.

चार्जिंगवर असताना एकेक मोजली. सात बॅटऱ्या १३.६ ते १३.७ च्या मध्ये. पाच नंबरची १४.२. बघणारा म्हणेल, हीच सगळ्यात तगडी. मला तिथेच शंका आली. हात लावून पाहिलं तर तिच्या कडेचं प्लास्टिक मध्यभागी किंचित फुगलेलं, बोटांना जाणवेल इतकं.

४:१० ला मेन स्विच खाली केला. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर मोजायचा मीटर) ९.८ अँपिअर, संचाचं व्होल्टेज ९८.६. गुणाकार ९६६ वॅट. बाहेर ८१५ वॅट मिळतायत, म्हणजे कार्यक्षमता ८४ टक्के, कालचा अंदाज बरोबर निघाला.

२ मिनिटं: सात बॅटऱ्या १२.३ ते १२.४. पाच नंबर १२.०५.

१० मिनिटं: सात बॅटऱ्या १२.२५ च्या आसपास. पाच नंबर ११.५. यूपीएसच्या पडद्यावर ७८ मिनिटं शिल्लक.

२० मिनिटं: सात बॅटऱ्या १२.१. पाच नंबर १०.७. पडदा म्हणतो ५८ मिनिटं शिल्लक.

२८ मिनिटं: सात बॅटऱ्या अजून १२.०. पाच नंबर ८.९.

यानंतर ती घसरताना मीटरवर आकडे बघायलाही फुरसत मिळेना. ७.४, ५.८, ३.१. नाना खुर्चीवरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. ३४ व्या मिनिटाला पाच नंबरवर ०.९ व्होल्ट, संच ८४ च्या खाली, यूपीएस ट्रिप (आपोआप बंद) आणि आठही बल्ब एकदम गेले. पिवळ्या उजेडानंतर कोनाड्यात पूर्ण अंधार. नानांनी बॅटरी टॉर्च लावला आणि म्हणाले, "पाचवीने सातजणींना बुडवलं."

तसंच झालं. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एक संपली की तिला वळसा घालून जायला रस्ता नसतो. यूपीएसला फक्त एकूण बेरीज दिसते. बाकीच्या सात धडधाकट असल्यामुळे पाच नंबर पार शून्याला जाईपर्यंत बेरीज ८४ च्या वरच राहिली. एक-एक बॅटरी १०.५ व्होल्टला थांबवायला हवी (आठ गुणिले १०.५ म्हणजेच ८४), ती मर्यादा पाचवीने वीस मिनिटांनंतर लगेच ओलांडली होती. पडद्यावरची शिल्लक मिनिटंही त्याच बेरजेवरून काढलेली. विसाव्या मिनिटाला तो ५८ सांगत होता आणि हातात होती १४.

आणखी एक नोंद. बल्ब बंद झाल्यावर दहा मिनिटांनी पाच नंबर मोजली तर ११.९. कोणी आता मीटर लावला असता तर जुनी पण चालणारी म्हणून ठेवून दिली असती.

जाताना कपाटावर चिठ्ठी डकवली: लाईट गेली की नवीन बॅच लावू नये. उद्या-परवाकडे माझ्याकडचा यूपीएस इथे आणते.

७ मे, मंगळवार

माझा ३ केव्हीए त्याच्या बॅटऱ्यांसह लॅबमध्ये चढवला. लॅबचा यूपीएस लोडशिवाय चार्जिंगला ठेवला, कारण पुढची चाचणी पूर्ण भरलेल्या बॅटऱ्यांवरच करायची आहे.

दुपारी तीनला लोड परत थोडा वेळ त्याच्यावर टाकून तापमान मोजलं. लांबून मोजायचं लाल ठिपक्याचं थर्मामीटर. खोली ३१ अंश. खालच्या फळीवरच्या बॅटऱ्या ३४. तीन नंबर ३७. चार नंबर ४२, सहा नंबर ४३, पाच नंबर ४४. यूपीएसचा मागचा पंखा सरळ वरच्या फळीच्या मध्यावर गरम हवा मारतो. बंद कपाट, वर जिन्याचा स्लॅब, मे महिना. पाच नंबर तीन वर्षं त्या झोतासमोर बसली आहे.

उष्णतेने बॅटरी त्या दिवशी जरा जास्तच देते, हेच फसवं आहे. आतली रासायनिक क्रिया जलद होते, पण प्लेटची झीज आणि पाणी उडणंही तितकंच जलद. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, असा या कामातला ठोकताळा आहे. वर चार्जरचं व्होल्टेज ठरावीक आहे, तापमान वाढलं तरी ते कमी करत नाही. बॅटरी तापलेली असताना एका १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे साधारण १८ ते २० मिलिव्होल्ट कमी द्यायला हवं. दिलं नाही तर ती जास्त गॅस करते. सीलबंद बॅटरीत पाणी परत टाकता येत नाही. आत कोरडी पडत गेलेली बॅटरी चार्जिंगवर जास्त व्होल्टेज दाखवते, म्हणून ते १४.२.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. काम नाही.

१९ मे, रविवार आणि २० मे, सोमवार

पाच नंबर बदलून बाकीच्या सात ठेवायच्या का, हा प्रश्न मॅडमनी विचारला होता. खर्चाचा प्रश्न आहे, हलक्यात घ्यायचा नाही. सात बॅटऱ्या त्या दिवशी ३४ मिनिटांत १२ च्या आसपास होत्या, म्हणजे त्या किती चालल्या असत्या ते कळलंच नाही. ते मोजल्याशिवाय उत्तर देणार नाही असं सांगितलं होतं.

शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या काढल्या. आधी मधला जोड सोडवला, चार आणि पाचच्या मधला, म्हणजे संचाचे दोन ४८ व्होल्टचे तुकडे होतात आणि पुढचं काम निर्धास्त करता येतं. रिक्षातून घरी आणल्या.

लोड म्हणून मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब वापरले. साठ वॅटचे दोन बल्ब जोडीने एका बॅटरीवर, क्लॅम्प मीटरवर १०.१ अँपिअर. यूपीएसवर जो उपसा असतो तोच जवळजवळ. असे दोन संच केले म्हणजे दोन बॅटऱ्या एकाच वेळी. बल्ब फार तापतात, म्हणून अंगणात विटेवर ठेवले. बॅटरी १०.५ व्होल्टला आली की थांबवायची, आणि मिनिटं लिहायची.

रविवारी चार झाल्या. सोमवारी नाशिकचं मतदान होतं, लॅबही बंद आणि माझी बाकी कामंही बंद. सकाळी सातलाच मतदान करून आले आणि शाई वाळायच्या आत पुढच्या दोन जोडल्या.

१ नंबर: ७१ मिनिटं
२ नंबर: ६८
३ नंबर: ७४
४ नंबर: ५२
५ नंबर: २१
६ नंबर: ४९
७ नंबर: ७०
८ नंबर: ६६

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर कपाटच डोळ्यांसमोर उभं राहिलं. पंख्यासमोरची पाचवी सगळ्यात खाली, तिच्या दोन्ही बाजूंच्या चौथी आणि सहावी त्यानंतर, आणि झोतापासून लांबच्या पाच सत्तरीच्या आगेमागे. सगळ्यात तापलेल्या तिघींचा थर्मामीटरने जो क्रम दाखवला तोच मिनिटांनी दाखवला.

नव्या बॅटरीला इथे १०० मिनिटं लागायला हवीत. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलायची हा सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे, कारण त्यानंतरची घसरण फार वेगाने होते. इथे तीन नंबरची सर्वोत्तम बॅटरीही ७४ वर आहे. एकट्या पाचवीच्या जागी नवी घातली असती तर संच ४९ मिनिटांवर अडकला असता, सहावीमुळे. आणि नवी बॅटरी जुन्यांसोबत एकाच चार्जरवर कधी नीट भरली गेली नसती. आठही बदलायच्या. मॅडमना आकडे फोनवर वाचून दाखवले. त्या दोन मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या, "बदल. पण या वेळी मला खरा वेळ लिहून दे."

२२ मे, बुधवार

किती मोठ्या घ्यायच्या याचा हिशोब. इथे उलट दिशेने जायचं: आधी गरज, मग बॅटरी.

अनालायझरची एक बॅच ३५ मिनिटांची. लाईट गेल्यावर चालू बॅच संपवायची, कदाचित एक नवी लागलेली असेल ती संपवायची, आणि मशीन रीतसर धुऊन बंद करायचं. टेक्निशियन ताईंशी बसून ठरवलं की ६० मिनिटं पाहिजेत. आणि ही ६० मिनिटं बॅटरी नवी असतानाची धरून चालणार नाही. ती चार वर्षांनी, जानेवारीतल्या थंड सकाळीही मिळायला हवीत. सॅम्पल उपाशीपोटीचे असतात, खरी गर्दी सकाळी सात ते दहा. नाशिकला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा बंद खोलीतली बॅटरीही पंधरा अंशांवर असू शकते, आणि तेवढ्या गारव्यात ती दहाएक टक्के कमी देते.

सेलमागे २०.१ वॅट
वयासाठी १.२५ ने गुणलं, म्हणजे ८० टक्के क्षमतेवरही पुरावं
थंडीसाठी १.१ ने गुणलं
आले २७.६ वॅट

२६ एएचच्या तक्त्यात ६० मिनिटांच्या रकान्यात ३०.५ आहेत. बसतं. मी अजून दहा टक्के वाढीव लोडचे धरून पाहिले तर ३०.४ येतात, अगदी काठावर.

मॅडमचं म्हणणं, मग ४२ एएचच्या घेऊ, निश्चिंत राहू. त्यांना नाही म्हणायला मला जड गेलं, कारण काळजी खरी आहे. पण या यूपीएसचा चार्जर ३ अँपिअरचा आहे. बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्क्यांच्या आसपास चार्जिंग लागतं. २६ ला २.६, ते मिळतं. ४२ ला ४.२, ते मिळत नाही. रोजच्या छोट्या खंडात फरक पडणार नाही, जेवढं काढलं तेवढंच भरायचं असतं. पण वळवाच्या दिवसांत कधी संच पूर्ण उतरला तर भरायला दीड-एक दिवस लागेल, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीवर सल्फेट धरतं. जास्त पैसे देऊन बॅटरी लवकर घालवण्यासारखं होईल ते. लिथियमचाही विचार केला, पण या जुन्या यूपीएसचा चार्जर त्यासाठी नाही, यूपीएसच बदलावा लागेल.

ठरलं: २६ एएचच्या आठ, पण लोड वाढू द्यायचा नाही आणि बॅटऱ्या उष्णतेतून बाहेर काढायच्या.

२७ मे, सोमवार

मेन रोडच्या मागच्या गल्लीतून बॅटऱ्या आणल्या. दुकानातच प्रत्येकीवरचा उत्पादनाचा महिना पाहिला, सगळ्या एकाच लॉटच्या मिळेपर्यंत थांबले. दुकानदारांनी दोन वेळा गोदामात माणूस पाठवला, कुरकुर केली नाही. सगळ्यांचं व्होल्टेज १२.८७ ते १२.९० मध्ये, म्हणजे गोदामात फार दिवस पडून नव्हत्या.

जागा बदलली. आतल्या खोलीत, सॅम्पल रिसेप्शनच्या मागे, उत्तरेकडच्या भिंतीला उघडा रॅक. तिथे लॅबच्या वेळेत एसी असतो. दोन बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. यूपीएसपासून चार मीटर अंतर, दहा स्क्वेअरची (दहा चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर. जाण्या-येण्याचे आठ मीटर धरून दहा अँपिअरला ०.१५ व्होल्टही पडत नाही. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. पुढे पारदर्शक पत्रा लावला, पेशंटसोबत लहान मुलं असतात.

नट घट्ट करताना प्रत्येक लग (वायरीच्या टोकाची कडी) हाताने हलवून पाहिला. सैल जोड म्हणजे तिथे उष्णता, आणि उष्णतेचं काय होतं ते या महिन्यात पुरेसं बघितलंय.

२ जून, रविवार

सहा दिवस चार्जिंग झालं. तोच बोर्ड, तेच आठ बल्ब, नानांची तीच खुर्ची. खोली २९ अंश.

३:३० ला मेन बंद. पहिल्या मिनिटाला ९८.२, चौथ्या मिनिटाला ९८.९. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी सुरुवातीला अशी एक बुडी मारून वर येते. माहीत नसेल तर धास्ती वाटते.

अर्ध्या तासाला सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांच्यात ०.०४ व्होल्टचा फरक. एका तासाला ०.०६. नव्वदाव्या मिनिटाला ०.१२. आठही एकमेकींच्या हातात हात घालून उतरत होत्या, हा आकड्यांतला एकसारखेपणा बघताना फार बरं वाटलं. ९७ व्या मिनिटाला संच ८४ व्होल्ट, ट्रिप.

कागदावर १०१, मोजून ९७. नवी बॅटरी पहिल्या काही वापरांत अजून थोडी उघडते, त्यामुळे यावर मी समाधानी आहे.

३ जून, सोमवार

निळा स्टिकर खरवडून काढला. त्याऐवजी पांढऱ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, लॅमिनेट करून अनालायझरच्या शेजारी लावलं. कपाटावर लावून उपयोग नाही, लाईट गेल्यावर कपाटाकडे कोणी जात नाही.

मोजलेला वेळ: ९७ मिनिटं, २ जून २०२४, लोड ८१५ वॅट.
भरवशाचा वेळ: ६० मिनिटं.
लाईट गेली की घड्याळातली वेळ वहीत लिहा.
२० मिनिटं झाली की नवीन बॅच लावू नका.
बॅच संपली की मशीन धुऊन बंद करा.
या बोर्डावर नवीन काही जोडण्याआधी फोन करा.
पुढची चाचणी: डिसेंबर.

मॅडमना पटायला वेळ लागला की ९७ मोजले असताना ६० का लिहायचे. त्यांना म्हटलं, आजच्या बॅटरीला ९७ जमतात, पण हे कार्ड चार वर्षं इथे राहणार आहे. दर सहा महिन्यांनी मोजून वरचा आकडा बदलू. वरचा आकडा ७७ च्या खाली आला की नव्या बॅटऱ्या मागवायच्या.

टेक्निशियन ताईंनी कार्डाखाली वही ठेवली आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली. शिपाई मामांनी कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, वीस मिनिटं कोणी मोजायची? मॅडम म्हणाल्या, तुम्ही.

१३ जून, गुरुवार

दुपारी लॅबवरून गेले होते म्हणून वही पाहिली. काल सकाळची नोंद ताईंच्या अक्षरात, जशीच्या तशी:

लाईट गेली ७:४०. चालू बॅच ८:०१ ला पूर्ण. मधल्या वेळात आलेली सॅम्पल थांबवली, ८:०० ला वीस मिनिटं झाली असं मामांनी सांगितलं. मशीन धुऊन ८:०९ ला बंद. पडद्यावर ९७.३ व्होल्ट. बाळाचं बिलिरुबिनचं एक सॅम्पल होतं, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलं. लाईट आली ८:५२. ते सॅम्पल पहिल्या बॅचला लावलं. रिपोर्ट ९:३५ ला दिला.